मेमरी कमी पडता

गेल्या पावसाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने भिकाजींची वाचा गेली आणि तारकर्लीतली त्यांची अख्खी वाडी मुकी झाली. लग्न असो, नवी होडी पाण्यात ढकलायची असो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं ते भिकाजींनीच. ते एकेक मागणं मांडत जायचे आणि मागे उभी माणसं हात जोडून एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायची. अशा माणसाला देवाने नेमकं तोंडावरच मारावं, याला काय म्हणायचं? रोजची मागणी ऐकून त्यालाही कंटाळा आला असेल.

त्यांचा मुलगा सर्वेश पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवायचा, त्यांचे पाण्याखालचे व्हिडिओ काढायचा आणि घरच्या कंप्युटरवर कापून-जोडून त्यांना पाठवायचा. त्याच कंप्युटरात जत्रेतलं बाबांचं गाऱ्हाणंही होतं, सर्वेशने मोबाईलवर घेतलेलं. सुरुवातीलाच बाबा त्याच्यावर खेकसतात, "हात जोड रे! मोबाईल कित्याक धरलंस?" आणि मग देवाकडे वळतात.

एकदा सर्वेशने ते सहज लावलं. व्हिडिओतले भिकाजी एक मागणं मांडून थांबले, आणि खुर्चीत लुळे पडलेले भिकाजी बोलले, "व्हय म्हाराजा."

सुगंधाच्या हातातली कढई खाली पडली. नवऱ्याच्या तोंडून शब्द ऐकायला ती आसुसली होती. ती तशीच जमिनीवर बसून रडली. डॉक्टर म्हणाले, "रोज ऐकवा. ह्याच वाटेने बाकीचे शब्दही परत येतील, कदाचित." त्या 'कदाचित'कडे कोणी लक्ष दिलं नाही. रोज सकाळी पेज झाली की सुगंधा त्यांना पडद्यासमोर बसवायची आणि पुढच्या शब्दाची वाट बघायची.

पण कंप्युटर दमायला लागला. गाऱ्हाणं मध्येच अडकायचं, चित्र थिजायचं, आवाज अर्ध्या शब्दावर लटकायचा. भिकाजींचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. मग ते लाल होऊन चांगल्या हाताने खुर्चीवर धपाधप मारायचे. ते बघवत नसे.

सर्वेशने मालवणात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या भाईला फोन लावला. भाई म्हणाला, "मेमरी कमी पडता रे. वाढवूक व्हयी. मशीन घेवन ये."

मशीन द्यायची म्हणजे तेवढे दिवस गाऱ्हाणं बंद. सर्वेश विचारात पडला. खरंच नवी मेमरी हवी आहे का? वाडीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलची मेमरी महिन्याआड भरते. मग बायका सुप्रभाताची फुलं पुसतात आणि मोबाईल सुतासारखा सरळ येतो. मेमरी म्हटली की वाडीला एवढंच ठाऊक: भरली की पुसायची.

"आये, ह्येच्यात पाव्हण्यांचे व्हिडिओ ठासून भरलेत," तो म्हणाला. "ते काढलंय की झाला. नवी मेमरी कित्याक?"

"माका त्यातला काय कळता? ह्यांचा गाऱ्हाणा तेवढा सांभाळ."

"ता हय समोरच आसा, बघ." पडद्यावर एका चौकोनाखाली 'बाबा' असं लिहिलेलं होतं.

मग सर्वेश आतल्या खणात शिरला. सगळ्या व्हिडिओंना नुसते आकडे. नावं द्यायला वेळ कोणाला? जे जड ते आधी, या हिशेबाने त्याने सपाटा लावला आणि कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली. घर झाडल्याचं समाधान वाटलं त्याला. मग त्याने 'बाबा'वर बोट दाबलं. कंप्युटर नेहमीसारखाच रखडला आणि म्हणाला, अशी वस्तू इथे नाही.

पडद्यावरचं 'बाबा' म्हणजे दारावरची पाटी होती. बिऱ्हाड आत त्या आकड्यांतच राहत होतं, आणि गाऱ्हाणं लांबलचक, म्हणून जडही होतं.

मूळ मोबाईल कर्लीच्या खाडीत कधीच बुडाला होता. सर्वेश घरोघर विचारत फिरला, पण गाऱ्हाणं चालू असताना मोबाईल कोण धरतो? शहाणी माणसं हात जोडून उभी होती.

मशीन शेवटी मालवणला गेलीच. भाईने ती उघडली आणि कपाळावर हात मारला. "मी मेमरी वाढव म्हटलंय, जागो खाली कर खंय म्हटलंय? जागो अर्धो रिकामोच होतो! मेमरी वेगळी रे, कामाची. ती कमी होती." म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पुसलेलं परत काढायला भाईने जंग जंग पछाडलं, पण हाती काही लागलं नाही. नवी मेमरी मात्र त्याने चुटकीसरशी बसवली. कंप्युटर आता पाण्यासारखा पळतो. लावायचं काय, एवढाच प्रश्न.

घरी आल्यावर सर्वेशने आईला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ह्यांका आता काय ऐकवू मी?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी पेज झाल्यावर भिकाजी पडद्यासमोर बसले आणि वाट बघू लागले. सर्वेश पुढे झाला. रोज ऐकून गाऱ्हाणं त्याला तोंडपाठ होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मनापासून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत..." तो थांबला.

भिकाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर काळ्या पडद्यावर होती. दारातून सुगंधाच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"दर्यात गेलल्याक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"घरात जो कोण आजारी आसा, तेका उठय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." तिचा आवाज फाटला, पण आला.

शेवटचं मागणं प्रत्येक गाऱ्हाण्यात असतंच. बाबा ते भरभर उरकायचे. सर्वेशने ते एकेक शब्द सुटा करत म्हटलं.

"ह्या लेकराचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

हात जोडून तो थांबला. भिकाजींना बोलता येत नव्हतं. सुगंधाला येत होतं. ती बोलली नाही.