खसखशीच्या डब्यातली चावी

माझ्या नवऱ्याला, लुमीरला, तणाचा भारी तिटकारा. पन्नास वर्षं त्यानं सोयाबीनच्या ओळींत वाकून एकेक काडी हातानं उपटली. चर्चला जाणारा सगळा गाव आमच्या शेतावरून जातो, आणि आमच्या नेब्रास्कात माणसाची पारख त्याच्या शेतावरून होते. अशा माणसाला मी गेल्या हिवाळ्यात सरकारी कचेरीत नेलं आणि ओढ्याकाठच्या चाळीस एकरांच्या करारावर सही करायला लावली.

ती जमीन वर्षाआड पाण्याखाली जायची. आता दहा वर्षं तिथं नांगर नाही. रानगवत पेरायचं, वाढू द्यायचं, सरकार भाडं देणार. दोन्ही गुडघे गेलेल्या माणसाला आणखी काय हवं? अट तेवढी जाचक होती. एक मे ते पंधरा जुलै गवताला पातं लावायचं नाही, कारण तेव्हा त्यात पक्षी अंडी घालतात. लावलं की करार मोडला, घेतलेले पैसे परत. तसं झालं असतं तर ती जमीन विकावीच लागली असती.

यंदा पेरलेलं गवत आलं वीतभर आणि तण आलं पुरुषभर.

वरच्या शेताचा एल्विन गावातल्या हॉटेलात सकाळच्या कॉफीला सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे लुमीर, सरकार आता तण पिकवायचेही पैसे देतं म्हणे! एकरी किती पोती निघतील?"

लुमीर कॉफी अर्धी टाकून घरी आला.

"शनिवारी कापतो," तो म्हणाला. "फक्त रस्त्याकडची पट्टी."

"पट्टी गेली की करार गेला."

"लोक हसतात गं, आर्डिस."

"हसू देत. न हसल्यानं तुझे गुडघे बरे होणार आहेत का?"

तो गप्प बसला. तो गप्प बसला म्हणजे त्याचं ठरलं, हे मला शेहेचाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलंय. मी ट्रॅक्टरची चावी उचलली आणि कोलाचेसाठी, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांसाठी, आणलेल्या खसखशीच्या डब्यात खुपसली. त्या डब्याला त्याचा जन्मात हात लागलेला नाही.

शनिवारी त्यानं शेड धुंडाळली, पिकप धुंडाळली, कुत्र्याचं अंथरूणसुद्धा झटकलं.

"चावी बघितलीस?"

"बघितली."

"कुठंय?"

"पंधरा जुलैला सांगते."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला फार वाईट वाटलं. पण चावी काही मी काढली नाही.

सोमवारी दुपारी पाऊस कोसळला, तास-दीड तासात सहा इंच. उघडल्यावर आम्ही पिकपमधून शेताकडे गेलो. एल्विनच्या दोरी धरून आखलेल्या ओळींचे ओहोळ झाले होते आणि त्याचं शेत उतारावरून खाली चाललं होतं. आमच्या कुंपणाशी पाणी गढूळ शिरत होतं. पलीकडे ओढ्यात पडत होतं ते मात्र जवळजवळ नितळ.

लुमीर लंगडत तणात शिरला. बुंध्यांशी बोटभर काळी माती साचली होती. त्यानं ती चिमटीत धरून चुरली.

"ही एल्विनची," तो म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी कॉफीला त्यानं हिशेब चुकता केला. "एल्विन, तुझी माती माझ्या तणात मुक्कामाला आलीय. न्यायला ये, येताना चाळणी आण."

सगळे हसले. एल्विनही हसला, पण जरा उशिरा.

पंधरा जुलैला मी चावी लुमीरच्या ताटलीशेजारी ठेवली. त्यानं तिच्यावरची खसखस झटकली, खिडकीतून त्या चाळीस एकरांकडे पाहिलं आणि दुसरा कोलाचे उचलला. तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. टोपी हातात घेऊन एल्विन दारात उभा.

"ते कचेरीचं," तो घुटमळत म्हणाला. "पहिल्यांदा काय करावं लागतं?"

लुमीरनं चावी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"पहिल्यांदा ट्रॅक्टरची चावी बायकोकडे दे."