चौथ्या पातळीवरचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना मेनफ्रेम संगणक आहे. दोन कपाटांएवढा माझा देह. शहाऐंशी साली ट्रकमधून धुळ्याच्या पाणी-सर्वेक्षण कचेरीत आलो, तेव्हा मला आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली. माझ्यासाठी खोलीत गारवा ठेवत. बाहेर खानदेशचे ऊन पोळत असताना साहेबसुद्धा काहीतरी निमित्त काढून माझ्यापाशी येऊन बसत, तेही चपला बाहेर काढून.

विहिरींचे पाणी लक्षात ठेवणे हे माझे काम. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून दर महिन्याला नोंदी येत आणि माझ्या ऑपरेटर सुनंदाबाई त्या माझ्यात भरत. माझ्या पोटात फाइली झाडासारख्या रचलेल्या होत्या. जिल्ह्याच्या आत तालुका, तालुक्याच्या आत गाव, आणि डोंगराकडच्या गावांच्या आत, चौथ्या पातळीवर, पाडे.

पिंपळनेरच्या वर असाच एक पाडा होता. तिथली विहीर रुख्माबाई मोजत. दोराला दगड बांधून आत सोडायचा, पाण्याला टेकला की तेवढा दोर हातांनी मोजायचा, आणि शाळेतल्या गुरुजींकडून पोस्टकार्ड लिहून घ्यायचे. वैशाखातही त्यांचे कार्ड चुकले नाही. "रुख्माअक्कांचं आलं," म्हणत सुनंदाबाई आधी तेच भरत.

पंचाण्णव साली नवे, छोटे संगणक आले. माझ्यातले सारे त्यांच्यात न्यायचे होते. सुनंदाबाईंनी केबल जोडली आणि पडद्यावर एकेक गोष्ट ठरवून दिली: फाइली कुठून उचलायच्या, कुठे ठेवायच्या, माझ्या पद्धतीची अक्षरे नव्या पद्धतीत कशी बदलायची. किती पातळ्या खाली उतरायचे, या रकान्यात आधीपासूनच तीन हा आकडा होता. तो तसाच राहिला.

चाचणीसाठी त्यांनी जळगावजवळचे असोदा घेतले. सपाटीवरचे गाव, त्याच्या आत पाडे नव्हते. सगळ्या विहिरी बिनचूक उतरल्या. सुनंदाबाईंना बाकीचे तालुकेही उघडून पाहायचे होते, पण साहेबांना खोली रिकामी हवी होती. "असोदा आलं ना? मग सगळं आलं," ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली. त्याच आठवड्यात माहिती साठवणाऱ्या माझ्या तबकड्या पुसल्या गेल्या. पुसताना पाडे अजून माझ्यातच होते, नव्यात उतरलेच नव्हते, आणि मला ते सांगता येत नव्हते. पोस्टकार्डे तर केव्हाच रद्दीत गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात नळयोजनेची यादी निघाली. जिथले पाणी आटताना नोंदीत दिसत होते, तिथे आधी नळ. रुख्माबाईंच्या पाड्यापुढे छापून आले, 'नोंद नाही'.

रुख्माबाई एसटीने धुळ्याला आल्या. सुनंदाबाईंनी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"बाई, इतला वरीस मी मोजेल पानी कोठे गयं?"

जुन्या मशीनने खाल्ले म्हणून सांगा, असे कचेरीत सगळे सुचवत होते. मी कोपऱ्यात बंद पडून होतो, माझ्याकडे बोट दाखवणे सोपे होते. सुनंदाबाईंनी ते केले नाही. "मशीनचा दोष नाही, अक्का," त्या म्हणाल्या. "मी खालपर्यंत उतरून पाहिलं नाही."

रुख्माबाई दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मंग आते चाल. उतरीसन देख."

सुनंदाबाई गेल्या. पाड्यापाड्यांतून त्यांनी पुन्हा मोजणी सुरू केली आणि प्रत्येक नोंद नव्या संगणकात स्वतः उघडून पाहिली. पण गेलेली वर्षे पुन्हा मोजता येत नाहीत. योजनेला मागच्या अनेक उन्हाळ्यांचे पाणी हवे होते, म्हणून नळ अडून राहिला. तो पाड्यावर पोहोचला तेव्हा निम्मी घरे दारांना काटेरी फांद्या लावून गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. रुख्माबाईही गेल्या होत्या.

आता मला भंगारात काढणार आहेत. त्याचे दुःख नाही. पण मित्रांनो, तुम्हीही कधी ना कधी जुन्यातून नव्यात काही हलवाल. तेव्हा जुने पुसायची घाई करू नका. जवळचे, सोपे गाव नीट उतरले म्हणून समाधान मानू नका. जो सर्वांत आत, सर्वांत खाली राहतो, त्याला आधी हाक मारा आणि विचारा, "तुमचं पोहोचलं का?"