घेवड्याचं पोतं

नानांनी बोटांच्या पेरांनी शटरवर तीनदा टकटक केलं, थोडं थांबून आणखी दोनदा केलं आणि कान लावून ऐकलं. आत काही हललं नाही. शटरला बाहेरून कुलूप आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी त्यांनी टकटक केली, कारण गेल्या सोळा वर्षांत महिन्याच्या या तारखेला, दुपारी साडेतीनला, हे दुकान कधी बंद सापडलं नव्हतं.

विचारायचं तरी कुणाला? एका बाजूला कोरी भिंत, दुसऱ्या बाजूला कधीकाळी बंद पडलेला छापखाना. नाना पाच-दहा मिनिटं तिथेच घुटमळले. मग हातातल्या कापडी पिशवीची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि आल्या पावली परत गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

नाना पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. शहराच्या पोटातून कुठली नळवाहिनी कुठे वळते याचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. ज्या वर्षी ते निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. त्यानंतरच्या महिन्यात त्यांनी तीन वेळा भात करपवला आणि दोनदा दूध उतू घालवलं. चुलीशी उभं राहिलं की मन कुठल्या कुठे जाई आणि जळका वास आला की परत येई. अशाच एका दुपारी ते या दुकानात शिरले आणि त्यांनी विचारलं होतं,

"फार लक्ष न देता शिजेल, असं काही आहे का?"

दुकानदार त्या प्रश्नाला हसला नाही. आत जाऊन त्याने वाडगाभर पांढरा घेवडा आणला. दाणा लहान, जेमतेम नखाएवढा.

"हा न्या. रात्री भिजत टाका, सकाळी मंद आचेवर ठेवा आणि खुशाल विसरून जा. पाणी तेवढं बेताचं असू द्या. करपत नाही, रुसत नाही."

तेव्हापासून नाना घेवडाच खात आले. एकदा शिजवला की तीन दिवस पुरायचा. वर मीठ, चिरलेला कांदा, सोबत पाव असला तर असला, नसला तर नसला. पेन्शन व्यवस्थित होतं, ओढाताण कसलीच नव्हती. पण एकदा घेवड्यावर भागतं म्हटल्यावर, आणखी कशाकशावाचून भागतं ते बघायचा त्यांना नादच लागला. आधी फ्रीज गेला. मग पाहुण्यांच्या खुर्च्या गेल्या, जास्तीची भांडी गेली. शेवटी एक खोली, एक पातेलं, एक ताटली, दोन सदरे एवढ्यावर संसार आला, आणि खोली इतकी मोकळी झाली की खोकलं तरी आवाज घुमायचा.

दर रविवारी धाकट्या भावाचा फोन यायचा.

"काय जेवलास?"

"नेहमीचं."

"अरे, आमच्याकडे येऊन राहा की आता. किती दिवस एकटा ते दाणे चावत बसणार?"

"माझं छान चाललंय. माझं कुणावाचून काही अडत नाही."

हे वाक्य म्हणताना नानांचा आवाज जरा चढायचा. भाऊ मग हवापाण्याचं बोलून फोन ठेवायचा. नानाही ठेवायचे, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्या तोंडून निघणारे शब्द बहुतेक मोजकेच असायचे. पाववाल्याशी दोन. जिन्यात कुणी भेटलं तर एक.

डबा रिकामा झाला तसं चौथ्या दिवशी त्यांना चौकातल्या मोठ्या दुकानात जाणं भाग पडलं. तिथे सगळं पाकिटांत होतं. लहान दाण्याचा घेवडा कुठे आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिथली मुलगी म्हणाली,

"तो आता कुणी ठेवत नाही, काका. कुणी घेतच नाही ना. हा घ्या, हा मोठा असतो, दिसायलाही छान असतो."

दिसायला खरंच छान होता. पण रात्रभर भिजवून चार तास आचेवर ठेवला तरी त्याची सालं सुटून वर तरंगत राहिली आणि दाणा आतून टणकच राहिला. नानांनी तो चावून चावून खाल्ला. अर्ध्यावर दाढ दुखायला लागली तेव्हा ताटली खाली ठेवली आणि बराच वेळ नुसते तिच्याकडे बघत बसले. त्या दुपारी भावाचा फोन आला असता तर ते काय बोलले असते, कुणास ठाऊक.

शनिवारी शटर अर्धं वर होतं.

नाना वाकून आत शिरले. गल्ल्यामागे एक बाई फडताळातल्या पुड्या काढून खोक्यांत भरत होती. दुकानदाराची बायको असणार. इतक्या वर्षांत नानांनी मागच्या पडद्याआडून चहाचा पेला पुढे करणारा तिचा हात तेवढा पाहिला होता.

"दुकान बंद आहे," ती वर न बघता म्हणाली.

"मग नंतर येतो. मालक केव्हा भेटतील?"

तिचा हात थांबला.

"ते सोमवारी गेले."

कुठे, असं नानांच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

"मला... मला कळलंच नाही."

"कसं कळणार? आम्हालाच कुठे कळलं. पोतं सरकवायला म्हणून वाकले ते तसेच खाली बसले."

नानांनी हातात पिशवी उघडूनच धरली होती. ती त्यांनी हळूच पाठीमागे नेली. बाईने ते पाहिलं. मग पहिल्यांदाच त्यांना नीट न्याहाळून ती म्हणाली,

"तुम्ही घेवडेकाका ना?"

नाना गोंधळले. "मी... हो, मी घेवडा नेतो."

तेवढ्यात पडदा सारून पंचविशीची एक मुलगी बाहेर आली. "आई, चिकटपट्टी कुठे..." असं म्हणता म्हणता ती थबकली.

"हेच?"

"हेच."

ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलेलं आहे असा माणूस अचानक समोर यावा, तशी ती नानांकडे बघत राहिली. मग हसली, पण ते हसू काही खुशीचं नव्हतं.

"तुम्हाला माहीत आहे? तुमच्यामुळे मी सोळा वर्षं घेवडा खाल्लाय."

"अगं, काय बोलतेस!"

"सांगू दे ना, आई. निदान त्यांना कळू तरी दे." ती खोक्याच्या कडेवर बसली. "काका, हा घेवडा सुटा मिळत नाही. घाऊक व्यापारी देतो तर अख्खं पोतं देतो. आणि या भागात तो नेणारे तुम्ही एकटे. महिन्याला दोन किलो. मग उरलेल्याचं काय करायचं? कीड लागायच्या आत आम्ही खायचं. शाळेच्या डब्यात घेवडा. परीक्षेच्या दिवशी घेवडा. दादा शिकायला बाहेर पडला तेव्हा म्हणाला, वसतिगृहाचं जेवण कसंही असू दे, घेवडा तर नसेल. आणि पहिल्या दिवशी ताटात काय आलं असेल?"

"घेवडा," आई म्हणाली. तिच्या तोंडाची एक कड किंचित वर गेली आणि पुन्हा खाली आली.

नानांनी गल्ल्याच्या फळीवर हात टेकवला.

"पण मला सांगायचं होतं. मी दुसरं काही नेलं असतं. मला काहीही चालतं."

"मी हेच म्हणायचे त्यांना," बाई म्हणाली. "दर पोत्याला म्हणायचे. तर त्यांचं एकच. म्हणायचे, तो माणूस एवढंच तर मागतो. त्यालाही नाही कसं म्हणू?"

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. नानांनी फळीवरची नसलेली धूळ तळव्याने पुसली, पुन्हा पुसली. शेवटी विचारलं ते भलतंच.

"कुठल्या वारी करायचात?"

"घेवडा? शनिवारी नेमाने. कधी कधी सोमवारीही."

नानांनी मान हलवली. किती शनिवारी आपलंही पातेलं आचेवर असेल, असं काहीतरी ते मनाशी जुळवत होते. ते नीट जुळेना.

"आत या," बाई म्हणाली. "दोन घास खाऊन जा. आजही केलाय."

"आई! आजही?"

"हात गेला आपोआप. काल भिजत टाकून झाला, तेव्हा लक्षात आलं."

पडद्यामागे त्यांचं घर होतं. एकच लांबट खोली, मध्ये टेबल, कोपऱ्यात शेगडी आणि पलीकडे मागच्या गल्लीत उघडणारं दार. नाना खुर्चीच्या टोकावर बसले. बाईने ताटली वाढली. वर काळपट होईपर्यंत परतलेला लसूण होता. दाणा तोच, पण पहिल्या घासाला नाना थांबले आणि त्यांनी ताटलीत पुन्हा निरखून पाहिलं.

"हा तोच घेवडा?"

"तोच. तुम्ही कसा करता?"

"भिजवतो आणि त्याच पाण्यात शिजवतो. वर मीठ, कांदा."

"त्याच पाण्यात? अहो, ते पाणी टाकून द्यायचं असतं. दोनदा धुवून ताजं पाणी घ्यायचं. पोट नाही का गुबारा धरत?"

नानांनी चमचा ताटलीत टेकवला. "धरतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, वयामुळे असेल."

मुलगी हसली. या वेळी अगदी खळखळून, तोंडावर हात ठेवून हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने दंडाला पुसलं. मग खोलीत चमच्यांचा आवाज तेवढा राहिला.

बाईने आपल्या ताटलीला हात लावला नव्हता. ती म्हणाली, "तुमच्याशी काय बोलायचे ते? घरात फारसं बोलायचे नाहीत. दिवसभर दुकानात असायचे, म्हटलं तिथे तरी बोलत असतील."

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या. नानांनी आठवून पाहिलं. या महिन्यात जुना आहे, नवा आठवड्याने येईल. पिशवी घट्ट धरा. पाऊस लांबला. सोळा वर्षांतलं एवढंच हाती लागत होतं, आणि ते या दोघींपुढे ठेवायची त्यांना लाज वाटली.

"फारसं नाही," ते म्हणाले. "मीही कमीच बोलतो."

"हं," बाई म्हणाली आणि ताटलीतला घेवडा चमच्याने उगीच इकडचा तिकडे करू लागली.

नानांना राहवेना.

"एक होतं मात्र. मी साडेतीनला यायचो, गर्दी नसते म्हणून. कधी उशीर झाला आणि चार वाजायला आले, की ते माझं माप अर्धवट सोडायचे. पारड्यात घेवडा तसाच. स्टूल उचलायचे, दाराशी नेऊन ठेवायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे. पाच मिनिटं, कधी दहा. एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं, उभं राहून पाय भरून येत असतील. मग एकदम उठायचे आणि काही झालंच नाही असं माप पुरं करायचे. पहिली पाच-सहा वर्षं असं चाललं. पुढे थांबलं."

मुलीचा चमचा हवेतच राहिला.

"चारला?"

"चारलाच. समोरच्या इमारतीवर घड्याळ होतं तेव्हा."

"चारला माझी शाळा सुटायची."

ती मागच्या दाराकडे बघत होती.

"मी दुकानातून कधी यायचेच नाही. मागच्या गल्लीने यायचे. सोबत मैत्रिणी असायच्या, त्यांच्यासमोर मला... बाबा पोत्यावर बसलेले असायचे, अंगभर पीठ उडालेलं. मी त्यांना सांगितलं होतं, मागून जवळ पडतं. ते म्हणाले, बरं." ती नानांकडे वळली. "काका, दुकानाच्या दारातून त्या मागच्या गल्लीचं तोंड दिसतं का?"

नानांनी पडद्याकडे पाहिलं.

"दिसतं," ते म्हणाले. "तेवढंच दिसतं."

ती उठली. पडदा बाजूला करून दुकानात गेली. फरशीवरून लाकडी स्टूल ओढल्याचा आवाज आला, थांबला, मग पुन्हा थोडासा आला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

बाईची नजर पडद्यावर खिळली होती. तिकडेच बघत तिने पातेल्यात पळी घातली आणि न विचारता नानांच्या ताटलीत आणखी घेवडा वाढला. नाना पुरे म्हणाले नाहीत.