पोपटाचा डाव

"डोळे जातील एक दिवस. आन् त्या पोपटाला तरी काही कामधंदा हाये का न्हाई?" माझ्या खुर्चीमागं उभं राहून आमचे हे पुटपुटत होते. पुटपुटता पुटपुटता माझ्या मोबाइलवरची अक्षरंही वाचत होते.

पोपट म्हणजे आमची लेक, गंधाली. तिनं बंगळुरूला आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा ह्यांनी फोनवर सांगितलं की हे घर तुला बंद. तेव्हापासून तिचा फोन नाही आणि घरात तिचं नावही निघत नाही. मग दिवाळीनंतर माझ्या मोबाइलवर एका खेळाचं बोलावणं आलं. हिरव्या पोपटाचं चित्र, खाली तिचं नाव. सात इंग्रजी अक्षरं येतात, त्यांतून आळीपाळीनं शब्द काढायचे. बोलणं काही नाही. तिचा शब्द आला की मी समजायचं, बरी आहे, जेवली असेल.

माझं इंग्रजी साबणाच्या बाटल्यांवरून उचललेलं. हे मात्र इथं बदनापूरच्या संशोधन केंद्रात जन्मभर माती तपासून निवृत्त झालेले. चहाच्या वेळी विचारायचे, "पोपटानं काय टाकलं?" लेकीचं नाव वर्ज्य, पोपटाची चौकशी चालायची.

त्या सोमवारी एल, ओ, ए, एम, डी, ई, एन अशी अक्षरं आली. मी 'लेमन' टाकला. तिनं 'मॉडेल'. पुढं माझं डोकं चालेना.

"लोम टाक," हे मागून म्हणाले.

"म्हणजे काय हो?"

"पोयट्याची माती. टाक, बराबर हाये."

मी टाकला. आणि मग आठवलं. गंधाली लहान असताना हे तिला केंद्राच्या प्लॉटवर न्यायचे, तिच्या ओंजळीत माती द्यायचे आणि हाच शब्द म्हणून घ्यायचे. हा शब्द तिच्या आईला येणं शक्य नाही, हे तिला माहीत.

पोपट गप्प झाला.

"आलं का काही?" हे दुसऱ्या दिवशी सकाळी.

"नेटवर्क नसंल," मी म्हणाले.

"असंल." दुपारी परत तेच. संध्याकाळी नुसतेच खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

गुरुवारी मी भाजी निवडत होते, तर मोबाइल वाजला. स्क्रीनवर रंगीत कागदांचा पाऊस. समोरच्यानं खेळ सोडला, तुम्ही जिंकलात, अभिनंदन.

"जिंकलीस की," हे म्हणाले. थोडं हसूनही बघितलं.

"मी नवा डाव लावते. बिझी असंल ती."

"नको लावू."

ते पलंगाच्या कडेला बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पण डोळ्याला लावला नाही. मी मेथीची पानं खुडत राहिले. काड्याही पानांत जात होत्या.

"माझा शब्द ओळखला तिनं," ते म्हणाले. "उमा, गंधालीला मीच हाकललंय. आता न्हाई यायची ती."