डुगडुगणारं टेबल

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला लिफ्ट तपासनीस चौकातल्या नव्या हॉटेलात शिरला, तेव्हा आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. त्याला तसंच हवं होतं. बसायच्या आधी त्यानं पाण्याचा पेला मागून घेतला, काठोकाठ भरला आणि पहिल्या टेबलाच्या मधोमध ठेवला. मग दोन्ही तळव्यांनी टेबलाचा कोपरा दाबला. पाणी सांडलं. तो पुढच्या टेबलाकडे गेला.

गल्ल्यामागून मालकीणबाई हे सगळं बघत होत्या. चौथ्या टेबलापर्यंत त्यांनी दम धरला.

"साहेब, जेवायला आलात की हॉटेल विकत घ्यायला?"

"रविवारी चार वाजता मुलीला घेऊन यायचंय."

"मग या की. त्यासाठी माझी फरशी कशाला धुताय?"

त्यानं पेला पुसला. "लहान मुलं येतात का इथे?"

"अकरा दिवस झालेत उघडून. सात-आठ आली असतील. एक रडलं, पण ते घरूनच रडत आलं होतं."

तो हसला नाही. मालकीणबाईंनी मनातल्या मनात त्याला सरकारी माणूस ठरवलं आणि मुकाट्यानं त्याच्या मागोमाग हिंडू लागल्या. त्यानं दार चार वेळा उघडून सोडलं. ते आपोआप, सावकाश मिटत होतं, पण बिजागरीच्या बाजूला लहान बोट जाईल एवढी फट होती. संडासाची आतली कडी मुलाला उघडता येण्यासारखी होती. स्वयंपाकघरातून गरम ताटं तिसऱ्या टेबलाला घासून बाहेर यायची. खिडकीजवळचं सातवं टेबल त्या वाटेपासून लांब होतं, त्याच्या कडा गोल होत्या आणि पेल्यातला एक थेंबही सांडला नाही. हे टेबल त्यानं नक्की केलं. शेवटी बाळाची उंच खुर्ची मागवून घेतली, तिचा पट्टा ओढून बघितला आणि खिशातून टेप काढून बैठक मोजली. वहीत आधीच एक आकडा लिहिलेला होता: अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. त्या उंचीच्या मुलीला खुर्ची बेताची बसत होती.

"ही रविवारी सातव्या टेबलाला लावून ठेवा. आणि सूप कोमट हवं."

"कोमट सूप दिलं तर लोक शिव्या घालतात हो मला."

"मी नाही घालणार."

त्यानं आगाऊ पैसे द्यायला पाकीट काढलं. मालकीणबाईंनी हात हलवून नको म्हटलं. एवढं मोजमाप करणारा माणूस रविवारी आल्यावाचून राहत नाही, हे त्यांना कळलं होतं.

फोन सोमवारी आला होता. मुलीची आई नव्या नोकरीसाठी पुन्हा याच भागात राहायला आली होती. दीड वर्षात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती, तशीच आताही बोलली. "तुमच्या चौकात नवं हॉटेल उघडलंय म्हणतात. लहान मुलांना घेऊन बसण्यासारखं आहे का, बघून ठेव. रविवारी दीड तास. माझी ताईही येईल. ठीक गेलं तर दर रविवारी भेटवीन. नाही तर ती शाळेत जाईपर्यंत हा विषय काढायचा नाही."

"ठीक म्हणजे कसं?" त्यानं विचारलं होतं.

"ते माझं मला कळेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लिफ्ट तपासणीच्या कामात त्याची वीस वर्षं गेली होती. बंद पडलेली, घसरलेली, मजल्याच्या वीतभर खाली थांबलेली लिफ्ट तपासायची आणि अर्ज भरायचा. अर्जात दोन रकाने असत, दोष आणि कारण. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याच्या साहेबांनी शिकवलं होतं, की कारणाच्या रकान्यात माणूस लिहायचा नाही. माणूस लिहिला की चौकशी लागते, चौकशी लागली की दुरुस्ती राहून जाते. वस्तू लिहा: झिजलेली तार, सैल खिळा, जुना ब्रेक. त्यानं हे इमानेइतबारे पाळलं. त्याचे अर्ज कधी परत आले नव्हते.

दीड वर्षापूर्वी त्याच्या घरात चहा सांडला, तेव्हाही त्यानं तोच रकाना भरला. मुलगी सव्वादोन वर्षांची होती. आई दुकानात गेली होती. भरलेला कप टेबलाच्या काठावर होता आणि मुलगी टेबलाखाली. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. दवाखान्यात, शेजाऱ्यांसमोर, मेहुणीसमोर, सगळीकडे तो एकच सांगत राहिला: टेबल डुगडुगत होतं.

मुलीच्या आईनं भांडण केलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिनं पाण्याचा पेला काठोकाठ भरला, त्याच टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी सगळा भार टाकून टेबलाचा कोपरा दाबला. पाणी नुसतं थरथरलं, सांडलं नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं.

"आज नाही हलत," तो म्हणाला होता.

त्याच दुपारी ती मुलीला घेऊन आपल्या बहिणीकडे, परगावी निघून गेली.

महिन्यातून एकदा फोटो येई. फोटोत नुसता चेहरा असे. चेहऱ्यावरून उंची कळत नाही.

रविवारी तो साडेतीनलाच जाऊन बसला. दाराच्या फटीला मालकीणबाईंनी कापडाची पट्टी ठोकून घेतली होती. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्यानं मान हलवून पसंती दिली. सातव्या टेबलाला उंच खुर्ची लागलेली होती. त्यानं तिचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला.

चारला पाच मिनिटं असताना दार उघडलं. पुढे मोठी मेहुणी, मागे मुलीची आई आणि तिचं बोट धरून एक मुलगी. क्षणभर त्याला वाटलं, कुणा दुसऱ्याचीच पोर वाटेत भेटली म्हणून सोबत आणलीये. मग मुलीनं मान तिरपी केली आणि त्यानं तिला ओळखलं. ती आईच्या कमरेच्या वर पोचली होती.

मेहुणीनं आधी उंच खुर्ची बघितली, मग भाचीला, मग त्याला.

"हे कुणासाठी, जावईबापू?"

त्याचा हात खिशातल्या वहीकडे गेला.

"पोरगी वाढते हो. तुमच्या लिफ्टसारखी मजल्यांमध्ये अडकून नाही राहत."

"ताई," मुलीची आई हलक्या आवाजात म्हणाली.

मुलीनंही खुर्ची बघितली. "ती बाळांची आहे," तिनं समजुतीच्या सुरात सांगितलं, "मी बाळ नाहीये." वेटरनं खुर्ची ओढत नेली. खुर्चीचे पाय फरशीवर घासत गेले तो आवाज सगळ्या हॉटेलात ऐकू गेला. तपासनिसाचा हात खिशातल्या वहीवर होता. त्यानं तो काढून घेतला.

कुणी काही सांगायच्या आत मुलगी टेबलापाशी गेली, दोन्ही तळवे कडेवर ठेवले आणि जोर लावून टेबल ढकललं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथूनही ढकललं.

"चांगलं आहे," ती म्हणाली आणि आईशेजारच्या साध्या खुर्चीवर चढून बसली.

त्याला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलंच. "कुणी शिकवलं हे?"

"कुणी शिकवायला हवं का?" मेहुणी म्हणाली.

मुलीच्या आईनं मुलीच्या मांडीवर रुमाल पसरला. वर न बघताच ती बोलली. "सगळीकडे करते. बालवाडीत तर रोज. सगळी मुलं डबे उघडून बसतात आणि ही चारही टेबलं ढकलून येते. बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. एकदा एक टेबल जरासं हललं, तर त्या दिवशी ही जेवलीच नाही."

त्याचं हसू जिथल्या तिथे विरलं.

सूप आलं, कोमट. मोठ्यांसाठी चहा आला. मुलीच्या आईनं कप स्वतःपुढे घेतला. तपासनिसानं तो हळूच टेबलाच्या मध्याकडे सरकवला. तिनं घोट घेऊन खाली ठेवला. त्यानं पुन्हा सरकवला. तिसऱ्यांदा मेहुणीनं त्याच्या मनगटावर चमचा टेकवला. "पिऊ द्या तिला. चहा आहे, बाँब नाही."

"चहा गरम असतो," मुलगी म्हणाली. सूप पिताना तिचं सगळीकडे लक्ष होतं. "मला लहानपणी भाजलं होतं. दाखवू तुम्हाला?"

ती त्याला तुम्ही म्हणत होती, घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. तिनं बाही वर केली. त्यानं तो हात शेवटचा बघितला होता तेव्हा पट्टीत होता. आता कातडी गुळगुळीत आणि फिकट होती, कोपराशी जराशी गोळा झालेली.

"दुखतं?"

"छे. आता कुठे दुखतं." ती बाही खाली ओढू लागली. "आमच्या जुन्या घरातलं टेबल डुगडुगत होतं. आई म्हणते, बाबांनी सांगितलंय."

त्यानं मुलीच्या आईकडे बघितलं. ती चहात बघत होती. दीड वर्षात तिनं पोरीपुढे त्याला खोटं पाडलं नव्हतं. त्याचंच वाक्य, जसंच्या तसं, त्याच्या नावावर जपून ठेवलं होतं. आणि पोर ते खरं धरून जगातलं प्रत्येक टेबल ढकलत हिंडत होती.

मेहुणीनं काही बोलायला तोंड उघडलं. बहिणीनं टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर हात ठेवला असावा, कारण ते तोंड पुन्हा मिटलं.

आता बोललं तर रविवार गेले, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. भेटीच्या पहिल्याच तासात, ताईसमक्ष, स्वतःच्या तोंडानं. गप्प राहिलं तर दीड तास ठीक जाईल. सूप कोमट होतं, टेबल पक्कं होतं, दाराला पट्टी होती. तक्रारीला कुठेच जागा नव्हती.

"टेबल डुगडुगत नव्हतं," तो म्हणाला.

मुलीचा चमचा हवेत थांबला.

"ते चांगलं टेबल होतं. मी फोनवर बोलत होतो. एक लिफ्ट बंद पडली होती, ती कशी चालू करायची ते एकाला सांगत होतो. हातवारे करत होतो. कप मीच काठावर ठेवला होता आणि माझ्याच कोपराचा धक्का लागला. तू खाली उभी आहेस, हे माझ्या ध्यानातच नव्हतं."

"पण तुम्ही सांगितलं होतं."

"खोटं सांगितलं."

"का?"

इतकी वर्षं त्यानं कितीतरी कारणं लिहिली होती. या घडीला एकही आठवेना. "घाबरलो होतो," तो शेवटी म्हणाला. "सगळे मला रागावतील म्हणून."

मुलीनं यावर विचार केला. बालवाडीतल्या मुलांना ही गोष्ट नवी नसते. "मग फोन ठेवायचा ना आधी," ती म्हणाली.

"ठेवायला हवा होता."

"आणि मग टेबलाचं काहीच चुकलं नव्हतं?"

"काहीच नाही."

ती पुन्हा सूप पिऊ लागली. मेहुणीनं पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं आणि बराच वेळ तिला ते सापडलं नाही. मुलीच्या आईचे डोळे भरून आले नव्हते, चेहराही बदलला नव्हता. फक्त तिनं कप उचलला, चहा संपवला आणि रिकामा कप टेबलाच्या काठाशी, जिथे हात जाईल तिथे ठेवून दिला. त्यानं तो सरकवला नाही.

पुढचा बराच वेळ साधाच गेला. मुलीला भात हवा होता, मग नको होता, मग आईच्या ताटातला हवा होता. अर्धा भात खाली सांडला. मालकीणबाई फडकं घेऊन आल्या. "सांडू दे गं बाई, तुझे बाबा गुरुवारी याच्यापेक्षा जास्त सांडून गेलेत," म्हणाल्या. मुलीनं बापाकडे नव्यानं बघितलं.

साडेपाच वाजत आले. मेहुणी मुलीचे हात धुवायला तिला घेऊन गेली. टेबलाशी दोघंच उरली.

"हे जर मला त्या सकाळी सांगितलं असतंस," मुलीची आई म्हणाली, "तर मी गेले नसते. तुला माहितीये ना?"

"आता कळतंय."

"मी परत येणार नाही. तसं काही मनात धरू नकोस."

"नाही धरत."

तिनं रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "पुढच्या रविवारी चारला आणीन तिला. कुठे बसायचं ते तिला ठरवू दे. तू आधी येऊन मापं घेऊ नकोस."

त्यानं मान हलवली.

मुलगी ओले हात झटकत परत आली. पाच मिनिटं राहिली होती. खुर्चीवर चढायच्या आधी तिनं सवयीनं दोन्ही तळवे टेबलाच्या कडेला ठेवले. मग थांबली. जरा विचार करून तिनं हात काढले, टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी आली आणि त्याच्या दंडावर दोन्ही तळवे टेकून सगळा जोर लावून त्याला ढकललं.

तो बसल्या जागी कलला.

"हे हलतात," तिनं आईला सांगितलं.

आणि शेजारची खुर्ची ओढून ती त्याच्या बाजूला चढून बसली.