चकचकीत कार्बोरेटर

आमच्या कुटुंबात कोणाचेही काही काढून घ्यायचे असेल, तर ते त्याच्या भल्यासाठीच काढून घेतले जाते. आत्याची मोटार याच उदात्त परंपरेनुसार विकायला निघाली. जुनी ब्रिटिश, दोन आसनांची, दोन कार्बोरेटरांची. कागदोपत्री माझ्या दिवंगत वडिलांची, म्हणून आता थोरल्या भावाची. आत्याने ती उभा जन्म चालवली होती, तिचा पुर्जा न् पुर्जा स्वतः उघडून जोडला होता. पण हे कागदावर कुठे नव्हते, आणि दादाची श्रद्धा फक्त कागदावर.

"या वयात गाडी? उद्या काही झालं तर लोक मलाच नावं ठेवतील," तो म्हणाला. आत्याच्या हाडांपेक्षा स्वतःच्या नावाची काळजी त्याला अधिक होती, हे उलगडायला भाष्यकार नको.

गिऱ्हाईक ठरले: जुन्या गाड्यांची हौस असलेला एक दंतवैद्य. अट एकच, गाडी चालू हवी. न चालणाऱ्या गाड्यांनी त्याचे आवार आधीच भरले होते.

मग विमा कंपनीत अधिकारी असलेल्या दादाने काही व्हिडिओ पाहून कार्बोरेटरशास्त्रात पारंगतता मिळवली. दोन्ही कार्बोरेटरांच्या डोक्यावरचे धातूचे घुमट काढले, आतले पिस्टन काढले, सगळे एकाच ट्रेमध्ये ओतले आणि पॉलिश लावून असे घासले की वहिनीला त्यात टिकली सरळ करता आली. मग हाताला येईल तो पिस्टन हाताला येईल त्या घुमटात घालून सगळे जोडून टाकले.

आत्या पाहायला आली. तिने एका कार्बोरेटरच्या तोंडातून बोट घालून पिस्टन वर ढकलला आणि सोडला. तो 'टक्' करून खाली पडायला हवा होता. तो रुसलेल्या जावयासारखा वरच बसून राहिला. मला कळले. प्रत्येक पिस्टन आपल्याच घुमटाच्या मापाने, केसभर फट राखून बनवलेला असतो. परक्या घुमटात तो नांदत नाही, हे तिनेच मला शिकवले होते. मी तोंड उघडले. आत्याने माझ्या पायावर पाय ठेवला.

"सुरेख झालंय रे," ती दादाला म्हणाली. "तुझ्या बाबांनासुद्धा असं जमलं नसतं."

"आणि तू म्हणत होतीस, हात लावू नकोस!"

"चुकलंच माझं."

दादा हात धुवायला गेला. "आत्या, घुमटांची अदलाबदल—"

"गप्प बस गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्या उपयोगी पडतोय."

दंतवैद्य आला. इंजिन सुरू झाले, खोकले, थुंकले, बंद पडले. दादाने स्क्रू इकडे पिळला, तिकडे पिळला. "अजून थोडं पीळ ना," आत्या प्रेमाने सुचवत राहिली. शेवटी इंजिनाने कार्बोरेटरातूनच एक सणसणीत फटाका फोडला आणि दंतवैद्य दोन पावले मागे सरला.

"दिसायला छान आहे," तो म्हणाला. रुग्णाचे सगळे दात काढावे लागणार असल्यास तो याच स्वरात बोलत असावा. तो गेला.

"इंजिनच मेलंय," दादाने निदान केले. "कार्बोरेटर तर मी नवे करून दिले."

"मग हे धूड तू कुठे सांभाळत बसणार?" आत्या म्हणाली. "माझ्या नावावर कर. राहील माझ्याकडे पडून."

"हौस असेल तर घे बाई!" इतक्या उदारपणे त्याने आयुष्यात कामाचे काही दिले नव्हते; निरुपयोगी वस्तू मात्र तो नेहमीच मोकळ्या हाताने देत आला आहे.

कागद झाले, त्या दुपारी आत्याने दोन्ही घुमट आपापल्या पिस्टनांवर बसवले. रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा श्वास एकसारखा होईपर्यंत ती ऐकत राहिली. मग गाडी अंगणातून बाहेर काढली.

फाटकात दादा शेजाऱ्यांशी बोलत उभा होता. गाडी समोरून गेली तसा तो अभिमानाने म्हणाला, "बघा, पॉलिशनं केवढा फरक पडतो!"

आत्याने हसून मान डोलावली आणि गिअर बदलला.