खाडीतला ठिपका

केतनने दोन बोटांनी नकाशा मोठा केला. ठिपका तिथेच होता. गोराई खाडीच्या मधोमध, पाण्यात.

“दाखव इकडे.” अनुपमाने फोन ओढून घेतला. “जेट्टीपासून केवढा आत आहे रे हा!”

“बाबांच्या फोनचं लोकेशन कधी बरोबर असतं का? परवा ते घरात झोपलेले, आणि हा दहिसर दाखवत होता.”

“म्हणूनच म्हणत होते, जरा बरा फोन घे त्यांना.”

केतनने फोन परत घेतला. बाबांना, म्हणजे शिवदासना, अलीकडे विसर पडायचा, फोन काय, हरवणारच, असं म्हणून त्यानेच कुठल्याशा कंपनीचा, सगळ्यात स्वस्त फोन उचलला होता. चार्जिंग दोन-दोन दिवस टिकायचं, आवाज सोसायटीभर जायचा. पण काच घासघासून अंगठा दुखला तरी फोन उचलला जायचा नाही. दुपारी देवळात जातो म्हणून निघालेले शिवदास दिवेलागणीपर्यंत परतले नव्हते.

जेट्टीपाशी रिक्षा सोडून दोघं खारफुटीच्या कडेने चालू लागले. केतन पुन्हा पुन्हा नंबर लावत होता. रिंग जायची, कोणी उचलायचं नाही. ओहोटीचा काळा चिखल उघडा पडला होता. तिकडे बघायचं तो टाळत होता.

“थांब. ऐक ना!”

बोटीच्या इंजिनापलीकडे सनई वाजत होती. कर्कश, फाटकी. बाबांच्या फोनचीच. दोघं धावत सुटले.

जाळी सुकवायच्या ओट्यावर शिवदास बसले होते. चपला चिखलाने भरलेल्या, अंगठा काचेवर घासत.

“बाबा!” केतनने त्यांचा खांदा धरला.

शिवदासनी परक्याकडे बघावं तसं बघितलं आणि खांदा सोडवून घेतला.

“जरा थांबा हां. माझ्या झिलाचो, केतनचो, फोन येता हा. उचलूक जमना नाय.”

तेवढ्यात रिंग तुटली. त्यांचा चेहरा पडला.

 केतन उलट्या घातलेल्या होडीमागे गेला आणि त्याने पुन्हा नंबर लावला. अनुपमाने सासऱ्यांच्या फोनवर दोन-तीनदा बोट सरकवलं आणि तो त्यांच्या कानाला लावला.

“खंय आसस रे? कवाचो वाट बघतंय!”

“इलंय, बाबा.” कित्येक वर्षांत केतन मालवणी बोलला नव्हता. “हयच आसंय. तुमी खंय जाव नकात.”

फोन खिशात टाकून तो पुढे आला. शिवदासनी सरकून ओट्यावर जागा केली.

“येता हा म्हणता. तवसर बसा तुम्ही.”

केतन बसला.